बारीक आवाजाचा शौक

माझ्या काळी-पिवळी जीपमध्ये बसणाऱ्याला दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक मागच्या सीटचा लोखंडी दांडा, जो प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यावर येतो. दुसरी म्हणजे माझी गाणी. कुरखेडा ते वडसा या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं सवारी भरतोय. दांड्याबद्दल आजवर एकानेही तक्रार केली नाही. गाण्यांबद्दल रोज होते.

"भाऊ, हे कोन गाऊन राह्यलं? बाई होय का मानूस?"

"मानूस होय."

"मंग बाईवानी काऊन गाते?"

"त्याले जमते म्हनून! तुमाले जमते का?"

एवढं झालं की गाडीत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, पुरुषाने पुरुषासारखं गावं. दुसरा पक्ष म्हणजे मी एकटाच. पण स्टिअरिंग माझ्या हातात आणि पेनड्राइव्ह माझा, त्यामुळे निकाल ठरलेला असतो.

मला पुरुषाचा बारीक आवाज आवडतो. आवडतो म्हणजे नुसता बरा वाटतो असं नाही, वेड लागतं! चांगला भरदार गळ्याचा गडी खालच्या सुरात गात असतो, ओळ संपत येते, आणि शेवटच्या अक्षराला तो एकदम घसा सोडून देतो. आवाज छातीतून निघून टाळूच्याही वर कुठेतरी जाऊन उभा राहतो. तिथे तो पातळ होतो, स्वच्छ होतो. माझ्या दोन्ही हातांवर काटा येतो. अशाच एका सुरापायी मी एका गुरुजींना त्यांच्या शाळेच्या दोन गावं पुढे नेऊन सोडलं होतं. ते बिचारे मागून ओरडत होते, आणि मला वाटलं तेही रंगात आलेत.

या आवाजाला परदेशात फॉल्सेटो म्हणतात, हे मला माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं. ती बारावीला आहे आणि तिला सगळं मोबाइलवर सापडतं. त्या शब्दाच्या मुळाशी 'खोटा' असा काहीसा अर्थ आहे, असंही ती म्हणाली. मला असा राग आला! ज्याने हे नाव ठेवलं त्याने आयुष्यात कधी मोहफुलं वेचली नसणार. नाहीतर कोणता आवाज खरा आणि कोणता खोटा, हे त्याला पहिल्याच सकाळी कळलं असतं.

आमच्याकडे चैत्रात उजाडायच्या आत रानात जावं लागतं. रात्रभर मोह गळतो, जमीन पिवळी होते, आणि ऊन चढायच्या आत फुलं टोपलीत यावी लागतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. एक इथे वाकलाय, दुसरा नाल्यापलीकडे, तिसरा टेकडीच्या आड. कोणी कोणाला दिसत नाही, आणि फुलं अस्वलालाही आवडतात. वाघाचं तर विचारूच नका. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकजण कूऽऽ देतो. दुसऱ्याने त्याला कूऽऽ परत द्यायची. आपली माणसं कुठे आहेत ते आपल्याला कळतं, आणि माणसं आहेत हे जनावराला कळतं.

माझे मोठे काका म्हणजे मोठा जाड आवाज. ते अंगणात खाकरले की शेजारचं कुत्रं उठायचं. मी लहानपणी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रानात गेलो, तेव्हा त्यांनी टोपली खाली ठेवली, तोंडाला हात लावला, आणि त्यांच्या त्या राठ गळ्यातून एक असा बारीक, लांब, सरळ सूर निघाला की मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. काकाच ते! मी विचारलं, "काका, असा आवाज कुठून काढता?" ते म्हणाले, "जाडा आवाज पानात अडकते, बापू. बारीक आवाज पानाच्या मधून जाते." मग नाल्यापलीकडून उत्तर आलं. तोही असाच बारीक सूर, तोही एका मिशीवाल्या बाप्याचा. त्या सकाळी मी फुलं कमी वेचली आणि कूऽऽ जास्त दिली. काकांनी शेवटी माझ्या तोंडात मूठभर मोहफुलं कोंबली तेव्हा मी थांबलो.

तेव्हापासून हा शौक लागला तो लागलाच. आणि शौक आहे म्हणजे नखरेही आहेत. मला कोणताही बारीक आवाज चालत नाही. काही गायक पहिल्या ओळीपासून वरच जाऊन बसतात आणि गाणं संपेपर्यंत उतरत नाहीत. अरे, झाडावर चढलास ते ठीक, पण खाली काय आहे ते तरी दाखव! काही नुसते किंचाळतात. काहींचा आवाज मशीनमधून काढून इतका गुळगुळीत केलेला असतो की त्यात माणूस सापडतच नाही. मला तो सांधा ऐकायचा असतो, जिथे जाडा आवाज संपतो आणि बारीक सुरू होतो. मोठे कसलेले गायक तो सांधा लपवतात. लपवोत बापडे, त्यांची कला आहे. पण मला जास्त आवडतो तो, जो सांध्यावर जरासा अडखळतो, आवाज क्षणभर फाटतो, आणि तरी पुढे जातो. त्या क्षणाला त्याची पडायची पूर्ण तयारी असते. तिथे माझा जीव टांगणीला लागतो आणि मी एक्सलेटर दाबतो.

हिंदी सिनेमात जुन्या काळी घसा उलटापालटा करून गायची एक तऱ्हा होती, परदेशातल्या पहाडी लोकांची. ती मला प्रिय. कव्वालीत मुख्य गायक दमला की मागचा एखादा अचानक वरून सूर टाकतो, तोही प्रिय. सिरोंचाकडचा एक ड्रायव्हर मला तेलुगू गाणी भरून देतो. शब्द कळत नाहीत, पण त्यांच्यात हिरो प्रेमात पडला की लगेच वर जातो, हे कळतं. आफ्रिकेतले काही लोक गातात ते मुलीने ऐकवलं. आख्खा घोळका खालून हुंकार भरतो आणि एकजण वरून बारीक तार सोडतो. मी ते ऐकलं आणि जेवत्या ताटावरून उठलो! रानच ते! त्यांच्याकडेही कोणीतरी टोपली खाली ठेवून तोंडाला हात लावला असणार. हल्ली मुलगी कोरियाच्या पोरांची गाणी लावते. गोरीगोमटी, केस रंगवलेली पोरं, पण वर काय जातात! आमच्या घरात तिचं आणि माझं जेवढं जमतं तेवढं या पोरांमुळेच जमतं.

मात्र एक सांगायला हवं. एवढा शौक असून मी स्वतः लोकांसमोर असं कधी गायलो नव्हतो. रानात कूऽऽ देणं वेगळं, ते काम आहे. रिकाम्या गाडीत काचा वर करून मात्र मी भरपूर गायचो. समोरून दुसरी जीप दिसली की तोंड बंद. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असा आमचा शौक.

आता माझ्या बायकोबद्दल. देवाने आमच्या घरात आवाज वाटताना अदलाबदल केली. माझा आवाज बोलतानाही थोडा चढाच, आणि तिचा इतका खालचा की फोन तिने उचलला तर पलीकडचा म्हणतो, "भाऊ, जरा वहिनीले द्या." ती चिमूरकडची. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिच्या आत्याने तिला आधीच बजावलं होतं की नाव विचारलं तर हळूच सांगायचं. हिने नाव सांगितलं ते हळूच, पण हळू सांगितल्याने आवाज आणखी खाली गेला. शेजारी बसलेल्या माझ्या काकांनी मागे वळून पाहिलं, कोण बाप्या बोलला म्हणून. सगळे हसले. तीही मान खाली घालून हसली. पण नंतर त्या सगळ्या कार्यक्रमात तिने तोंड उघडलं नाही.

लग्नानंतरही हे चालूच राहिलं. रोवणीच्या दिवसांत बायका चिखलात ओळीने वाकून गातात, तेव्हा ही नुसती रोपं लावते. मोहाच्या दिवसांत तर कमालच. तिने एकदा कूऽऽ दिली. ती खालूनच निघाली, कारण तिला वर जाताच येत नाही. आजूबाजूच्या बायका टोपल्या टाकून पळाल्या. नंतर खूप हसल्या आणि म्हणाल्या, "तू नको देऊ वो बाई, आमाले अस्वल वाटते." तेव्हापासून ती रानात आवाज देत नाही. एक काठी घेते आणि झाडाच्या बुंध्यावर ठोकते. ठक ठक. आम्ही सगळे कूऽऽ देतो, ती ठोकते.

पण ती गाते. हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. वडशाला शेवटची सवारी उतरवून आम्ही दोघंच परत येत असलो की ती पुढच्या सीटवर बसून गाते. खिडकीबाहेर पाहत, आधी गुणगुणत, मग मोकळ्या गळ्याने. तिचा आवाज खाली जातो आणि तिथेच मजेत फिरतो. इंजिनाच्या घरघरीच्याही खालून तो ऐकू येतो, दाराच्या पत्र्यातून अंगाला लागतो.

मी काय करावं? मी शौकीन माणूस! मी तिला वर न्यायला लागलो. म्हटलं, एवढा गळा आहे, फक्त वरचं दार उघडलं की झालं. मी तिला घसा सोडायला शिकवलं, टाळूत हवा कशी घ्यायची ते दाखवलं. गाडी जंगलात थांबवून कूऽऽ करून दाखवली. तिने सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "अवो, मले वर नाई जायाचं."

"काऊन?"

"मले इथीच बरं वाटते. तुमाले वर आवडते तं तुमी जा."

मी गाडी सुरू केली. मग म्हटलं, "मंग खालचंच गाशीन का, लोकाईच्या समोर?" ती हसली नाही. म्हणाली, "एकदा तरी गायाचं हाये. पोरगी मोठी झाली. तिनं कधी आईले गाताना नाई पाह्यलं." आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. तिला हे इतकं हवं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गावात बायकांचं भजन मंडळ आहे. माझी बायको त्यात आहे, पण शेवटच्या ओळीत, टाळ घेऊन. तोंड हलवते, आवाज काढत नाही. याचं कारण म्हणजे पेटी. मंडळाची पेटी एक बाई वाजवतात. पूर्वी त्या अंगणवाडीत होत्या, आता निवृत्त आहेत, आणि गावातल्या अर्ध्या लोकांची नाकं त्यांनी लहानपणी पुसलेली आहेत. पेटी त्या आपल्या आपणच शिकल्या आणि एकाच पट्टीत शिकल्या. बैलाला जसा घर ते धानाची बांधी एवढाच रस्ता माहीत असतो, तशी त्यांची बोटं. पट्टी बायकांची, चढी. माझी बायको त्या पट्टीत गायला लागली की वरच्या जागा येतात आणि तिचा श्वास अडतो. पेटी खाली आणा म्हणावं, तर बाई म्हणतात, "मी पेटीसंग बोलतो तं इथूनच बोलतो. दुसरीकून ते मले ओळखतच नाई."

मंडळाची सगळ्यात गाजलेली गवळण कोणा जुन्या भजनी बुवाने रचलेली आहे. चाल एका जुन्या सिनेमातल्या दोघांच्या गाण्याची. एक ओळ गवळणीची, एक कृष्णाची. गवळण विचारते, लोणी माझं कुठं गेलं, सांग रे कान्हा खरं खरं. कृष्ण उत्तर देतो, दार होतं उघडं तुझं, मग चोर कसा मी झालो. आता सिनेमात ती कृष्णाची चाल पुरुषाने गायलेली, म्हणजे त्याच पट्टीत पण बरीच खाली. आमच्या मंडळात तेवढं खाली कोणालाच जाता येत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? कृष्णाच्या ओळी गाळूनच टाकल्या! आमच्या गावात गवळणी भांडायच्या, पुन्हा भांडायच्या, आणखी भांडायच्या, आणि कृष्ण अगदी गप्प. वर्षानुवर्षं. ऐकणाऱ्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. एवढ्या बायका एकदम भांडत असताना तो तरी काय बोलणार, असंच लोकांना वाटत असावं.

एक दिवस गाडीत परत येताना बायकोने त्या गाळलेल्या ओळी गायल्या, सहज. मी ब्रेक मारला. मागे धूळ, पुढे धूळ, मध्ये आमची जीप, आणि मी ओरडलो, "कृष्ण! अगं तू कृष्ण होय!"

"हळू बोला, कोनी ऐकन."

"ऐकू दे! अवं, काखेत कळसा अन् गावाले वळसा! पट्टी बदलायची गरजच नाई! त्याच पट्टीत तुझ्या ओळी खाली हायेत!"

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. पण ती लगेच म्हणाली, "लोक हसतीन. बाई मानसाच्या आवाजात गाऊन राह्यली म्हनतीन."

"हसतीन त्याईचे दात दिसतीन."

"मोठे आले दातवाले! तुमी गाडीत काचा लावून काऊन गाता मंग?"

ती माझ्याकडे वळून बसली. "असं करू," ती म्हणाली. "गवळणीची पयली ओळ तुमी गा. बाईच्या आवाजात. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, सगळ्याईच्या समोर. तुमी वर गासान तं मी खाली गाईन. नाई तं नाई."

माझी पाचावर धारण बसली. आणि त्याच वेळी असा आनंद झाला की विचारू नका! दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मंजूर."

पेटीवाल्या बाईंना मी जाऊन सांगितलं. दिवाळीनंतरच्या मंडईला शेजारच्या गावचं मंडळ कीबोर्ड घेऊन येणार अशी कुणकुण होती. त्यामुळे काहीतरी नवीन हवं, हे त्यांच्याही मनात होतं. "कोनी का असो, बाप्या बाईच्या आवाजात गाते म्हटलं तं लोक थांबतीन," त्या म्हणाल्या. तालमीला या म्हणाल्या. पण बायको तालमीला तयार होईना. "तालमीत कोनी हसलं तं मी मंडईत उभी नाई राहू शकनार," ती म्हणाली. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नको येऊ दे. गावू द्या तिले, मी वाजवून घेईन. त्यात काय!" त्या 'त्यात काय'ची मला तेव्हा फिकीर वाटली नाही.

आम्ही तालीम केली ती गाडीत. सकाळी पहिली सवारी घ्यायच्या आधी आणि दुपारी परत येताना. मी वर, ती खाली. धानाच्या कापणीचे दिवस, रस्त्याच्या कडेने लोक विळे घेऊन चाललेले, आणि आम्ही दोघं काचा लावून भांडत होतो. लोणी कुठं गेलं! दार उघडं होतं! एकदा काच उघडीच राहिली आणि कापणीवाल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. त्यांना आवाज ऐकू आले ते बरोबर एक बाईचा आणि एक बाप्याचा. त्यांना काही वावगं वाटलंच नाही. कोण कोणता ते त्यांना कळलं नव्हतं एवढंच. बायको इतकी हसली की पुढची ओळ तिला गाताच आली नाही.

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतरची जत्राच. ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. मैदानात शिंगाड्याचे ढीग, उसाच्या मोळ्या, फुगे, बांगड्या, भजी. भर दुपारी दंडारीचा खेळ चालतो. त्यात पुरुषच साड्या नेसून बायका होतात आणि बारीक गळ्याने गातात. त्यांना कोणी हसत नाही, कारण साडी आहे, सोंग आहे. मी मात्र पँट-शर्टात होतो. दाढी नुकतीच केलेली, मिशी तशीच. माझ्या रोजच्या सवाऱ्यांपैकी निम्म्या तिथे उभ्या होत्या, ते गुरुजीसुद्धा. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. खाली सतरंजीवर मंडळाच्या बायका, मध्ये पेटी, बाजूला ढोलक. माझी मुलगी अगदी पुढे मोबाइल उगारून बसली होती. बायको माझ्या शेजारी उभी होती. दोघांच्या हातात एकेक माइक होता आणि आपला तिने अशा तऱ्हेने धरला होता की जणू कोणी परत मागायला येणार आहे.

पेटी सुरू झाली. मी डोळे मिटले, घसा सोडला आणि वर गेलो.

लोणी माझं कुठं गेलं!

सांध्यावर माझा आवाज फाटला, चांगल्या दोन फाका झाल्या. आणि मैदान फुटलं! काय हसले लोक! पोरं शिट्ट्या मारायला लागली. "अरे, काळी-पिवळीवाला बाई झाला!" कोणीतरी ओरडलं. गुरुजी तर पोट धरून वाकले होते, जुना हिशेब चुकता करत असावेत. माझे कान लाल झाले. पण पाय पळाले नाहीत, उलट अंगात काहीतरी चढलं. दंडारीतला एक साडीवाला गडी, हातात भज्याचा पुडा, गर्दीतून ओरडला, "वा भाऊ! अजून वर!" बस्स! मी दुसऱ्यांदा तीच ओळ घेतली, आणखी मोकळी, आणि या वेळी सांधा पार करून नीट वर जाऊन उभा राहिलो. इतकं मजेत मी आयुष्यात कधी गायलो नव्हतो. लोक हसत होते आणि मीही गाता गाता हसत होतो. हसून हसून त्यांची छाती दुखायला लागली असणार. सगळ्यांचं हसू माझ्यावरच खर्च झालं.

आता तिची ओळ. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माइक तोंडाजवळ नेला.

आणि पेटी थांबली.

पेटीवाल्या बाईंनी कृष्णाच्या ओळी आयुष्यात कधी वाजवल्या नव्हत्या! कोणी गायल्याच नव्हत्या, तर वाजवणार कुठून? बोटं खालच्या पट्ट्यांवर गेली, एक चुकीचा सूर वाजला, दुसरा वाजला, आणि बाईंनी घाबरून हातच उचलला. ढोलकवाल्याने पेटीकडे पाहून थाप सोडली. सगळा आवाज एकदम गेला. हजारभर माणसं आणि माइकसमोर ही, हिच्यामागे आधाराला एक सूरसुद्धा नाही. मला वाटलं, झालं. आता ही माइक माझ्या हातात देईल आणि खाली उतरेल, आणि पुन्हा कधीही, गाडीतसुद्धा, गाणार नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पेटीकडेही नाही. तिने श्वास घेतला आणि ती गायली.

दार होतं उघडं तुझं, मग चोर कसा मी झालो.

खाली, अगदी तिच्या जागेवर. भोंगे होते चार बाजूंना, आणि त्या चारही भोंग्यांतून तो आवाज सावकाश मैदानावर आला. ट्रॉलीच्या पत्र्यातून तो माझ्या पायांना लागला. उसाच्या मोळीवर वाकलेला माणूस सरळ उभा राहिला. शिट्ट्या थांबल्या. कोणी हसलं नाही. हसायचं कोणाला सुचलंच नसावं. तिने ओळ दुसऱ्यांदा घेतली. आता तिला कसलीच घाई नव्हती. 'झालो'वर ती थांबली, सूर धरून ठेवला, आणि मग अलगद आणखी एक पायरी खाली उतरली. हे आम्ही तालमीत कधी केलं नव्हतं. माझ्या दोन्ही हातांवर काटा आला. वरच्या सुरासाठी जपून ठेवलेला तो काटा, खालच्या सुराला!

आता गवळणींनी उत्तर द्यायचं होतं. मी पुढची ओळ घ्यायचीच विसरलो. खाली बसलेल्या बायकांनीही सूर धरला नाही, नुसत्या वर मान करून बघत होत्या. इतकी वर्षं भांडणाऱ्या गवळणी, आणि कृष्ण एकदा बोलला तर एकीजवळही उत्तर नाही. मुलीच्या हातातला मोबाइल खाली आला होता. ती उघड्या डोळ्यांनी आईकडे बघत होती.

पेटीवाल्या बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. बोटं खाली नेऊन त्यांनी एक एक पट्टी चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "आता गवळन राहू दे, भाऊ. तुमी बसा. बाई, तू गा. मी हळूहळू येतो तुझ्या मागं."

मी, वरच्या आवाजाचा आयुष्यभराचा शौकीन, भर मंडईत खाली बसवला गेलो! ट्रॉलीच्या कडेला मुलीशेजारी जाऊन बसलो. तेवढा आनंद मला कोणत्याही गाण्याने दिला नव्हता.

गर्दीतून एका म्हाताऱ्या बाईने हाक दिली, "बोल ना वो माय, अजून बोल!"

माझ्या बायकोने गर्दीकडे पाहिलं. माइक अजून तोंडापाशीच होता. तिने तो बाजूला केला नाही, हातही आड धरला नाही. आपल्या त्या आवाजात, जराही न दाबता, ती म्हणाली, "थांबा. पयले मले पानी द्या. मंग गाईन."

चारही भोंग्यांतून ते सगळ्या मंडईला ऐकू गेलं, आणि मी पाणी आणायला पळालो.